दम नेमका कोठे संपतो? : लांब पल्ल्याच्या धावण्यातील मनाच्या मर्यादा

चामराजपेट (बंगळुरू) : येथून काही किलोमीटरवर असलेल्या श्री कंठीरवा स्टेडियममध्ये २ व ३ जुलै २०२२ रोजी २४ तास धावण्याची आशिया व ओशियानिया अजिंक्यपद स्पर्धा पार पडली. भारताचे अमरसिंह देवंदा यांनी या वेळेत २५८.४१८ किलोमीटर अंतर कापून सुवर्णपदक मिळविले. सौरवकुमार रंजन यांचे २४२.५६४ आणि जीनो अँटनी यांचे २३८.९७७ किलोमीटर त्यात मिळवून भारतीय पुरुष संघाची बेरीज ७३९.९५९ किलोमीटर झाली आणि सांघिक सुवर्णपदकही भारताकडे आले. महिला संघाने रौप्यपदक पटकावले.

या आकड्याचा आवाका मराठी वाचकाला वारीवरून सहज लक्षात येईल. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट जवळपास तीन आठवड्यांत चालून पंढरपूरला पोहोचते. तेवढे अंतर देवंदा यांनी एका दिवस-रात्रीत धावून पूर्ण केले, तेही ४०० मीटरच्या धावपट्टीवर सुमारे ६४६ फेऱ्या मारून. अशा शर्यतीत वाटेत गाव लागत नाही, घाट लागत नाही, मुक्काम येत नाही. पुढची फेरी मागच्या फेरीसारखीच असते.

अशा स्पर्धेत धावपटू थांबतो, तेव्हा त्याच्यातले नेमके काय संपलेले असते? पायांतील बळ, फुप्फुसांतील दम की मनाची तयारी? शरीरशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ शंभराहून अधिक वर्षे या प्रश्नाचा माग घेत आहेत. आजवरच्या संशोधनाचा कल असा की, स्नायूंची ताकद पूर्ण संपण्यापूर्वीच माणूस बहुधा थांबतो आणि थांबण्याचा कौल मेंदू देतो. ‘सगळा मनाचा खेळ आहे’ ही धावपटूंमध्ये लोकप्रिय झालेली घोषणा या निष्कर्षावरच उभी आहे. मात्र निष्कर्षाचा उरलेला भाग तितकाच महत्त्वाचा आहे. मेंदूची ही सावधगिरी शरीर वाचविण्यासाठी असते, आणि काही धोके असे असतात की त्यांची सूचना मनाला वेळेवर मिळत नाही. मुंबई, पुणे, सातारा, बंगळुरू अशा शहरांत हजारो हौशी धावपटू स्पर्धांत उतरत असताना या दोन्ही गोष्टी एकत्र समजून घेणे आवश्यक आहे.

स्नायूंचा हिशेब

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात थकव्याचा विचार मुख्यतः यंत्राच्या अंगाने झाला. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी १९२०च्या दशकात धावपटूंवर प्रयोग करून शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, याची मर्यादा मांडली. हृदय आणि रक्ताभिसरण स्नायूंना पुरेसा प्राणवायू पोहोचवू शकले नाही की काम थांबते, असा त्यांचा विचार होता. पुढे या हिशेबात आणखी घटक आले. स्नायू व यकृतात साठविलेले ग्लायकोजेन साधारणपणे मॅरेथॉनच्या अखेरच्या टप्प्यात आटत जाते. तीस किलोमीटरच्या पुढे अचानक पाय जड होण्याच्या ज्या अनुभवाला धावपटू ‘वॉल’ म्हणतात, त्यामागे हे मोठे कारण असते. वाढते शरीरतापमान, घामावाटे जाणारे पाणी व क्षार आणि स्नायुतंतूंची झीज हे घटकही आहेत.

हा हिशेब खरा आहे, पण पुरा नाही. शर्यतीत सर्वांना दिसणारी एक गोष्ट त्यात बसत नाही. चाळीस किलोमीटर रखडत आलेला धावपटू अंतिम रेषा दिसताच वेग वाढवतो. स्नायू खरोखरच रिते झाले असतील, तर हे बळ येते कोठून?

दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन विद्यापीठाचे टिम नोक्स यांनी १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात या प्रश्नावरून ‘मध्यवर्ती नियंत्रक’ ही कल्पना मांडली. हृदय किंवा स्नायूंना इजा होण्याआधीच मेंदू स्नायूंचा वापर मर्यादित करतो आणि थकवा ही मेंदूने निर्माण केलेली संरक्षक भावना आहे, असे त्यांचे म्हणणे होते. अंतर थोडेच उरले आहे याची खात्री पटल्यावर हा नियंत्रक राखून ठेवलेली ताकद मोकळी करतो. मेंदूत असा एखादा स्वतंत्र नियंत्रक आहे का, यावर आजही वाद आहे. थकवा केवळ स्नायूंत घडत नाही, हे मात्र आता व्यापकपणे मान्य झाले आहे.

वेल्समधील बँगोर विद्यापीठाचे सॅम्युएल मार्कोरा आणि वॉल्टर स्टायानो यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात नेहमी सांगितला जातो. दहा रग्बीपटूंना प्रयोगशाळेतील सायकलवर सरासरी २४२ वॅट शक्तीने, पाय पुढे चालेनात तोवर पेडल मारण्यास सांगण्यात आले. सुमारे दहा मिनिटांत सर्वांनी हात टेकले. त्याच क्षणी त्यांना केवळ पाच सेकंद पूर्ण जोर लावण्यास सांगितले, तेव्हा त्यांनी सरासरी ७३१ वॅट शक्ती निर्माण केली. २४२ वॅट झेपेनासे झाले म्हणणाऱ्या पायांनी लगेच त्याच्या तिप्पट काम करून दाखविले. ताज्या अवस्थेपेक्षा ही शक्ती कमी होती, म्हणजे स्नायू थकले होतेच. पण थांबण्याइतके थकले नव्हते.

श्रमाची जाणीव

मार्कोरा यांच्या मते, थांबण्याचा निर्णय दोन गोष्टींच्या तुलनेतून होतो. काम किती कठीण वाटते आहे ही पहिली, आणि त्यासाठी किती सोसण्याची तयारी आहे ही दुसरी. पहिली गोष्ट दुसरीच्या पुढे गेली की माणूस थांबतो. श्रमाच्या या जाणिवेचे मोजमाप स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी सहा ते वीस अंकांच्या पट्टीवर आणले. ती पट्टी आज व्यायामशास्त्राप्रमाणेच हृदयरोग्यांच्या पुनर्वसनातही वापरली जाते.

ही जाणीव केवळ पायांवर अवलंबून नसते. इटलीतील तुरिनचे शरीरशास्त्रज्ञ अँजेलो मोस्सो यांनी १८९१ साली थकव्यावरील आपल्या ग्रंथात अशी नोंद केली की, दीर्घ व्याख्यान दिल्यानंतर किंवा तोंडी परीक्षा घेतल्यानंतर त्यांच्या सहकारी प्राध्यापकांच्या बोटांचे स्नायूही लवकर दमत. मार्कोरा यांनी २००९ मध्ये हीच बाब आधुनिक पद्धतीने तपासली. सोळा जणांना एकदा नव्वद मिनिटे डोके शिणविणारे संगणकीय काम देऊन आणि एकदा तेवढाच वेळ साधे माहितीपट दाखवून सायकल चालवायला लावले. माहितीपटानंतर ते सरासरी ७५४ सेकंद टिकले, तर बौद्धिक कामानंतर ६४० सेकंद. हृदयाचे आणि स्नायूंचे काम दोन्ही वेळा जवळपास सारखेच होते. डोके शिणलेले असताना तेच श्रम अधिक जड वाटले, एवढाच फरक होता.

ही जाणीव उलट दिशेनेही हलते. इंग्लंडमध्ये २००४ साली झालेल्या एका प्रयोगात सायकलपटूंनी पिष्टमय द्रावणाने फक्त चूळ भरली, ते गिळले नाही; तरीही तासाभराच्या चाचणीत त्यांची कामगिरी सुमारे २.९ टक्क्यांनी सुधारली. पोटात काहीही गेले नव्हते. तोंडातील संवेदनेवरून इंधन येत असल्याचा संकेत मेंदूला मिळाला आणि त्याने हात थोडा सैल सोडला, असा त्याचा अर्थ लावला जातो. बँगोर विद्यापीठातील २०१४ च्या दुसऱ्या एका अभ्यासात चोवीस जणांपैकी काहींना स्वतःशी उत्तेजन देणारी ठरावीक वाक्ये बोलण्याचा सराव दोन आठवडे देण्यात आला. या गटाचा टिकाव सुमारे १८ टक्क्यांनी वाढला, दुसऱ्या गटात असा बदल दिसला नाही.

हे प्रयोग लहान गटांवर आणि बहुतांशी सायकलवर झालेले आहेत, त्यामुळे त्यांतील टक्केवारी जशीच्या तशी मॅरेथॉनला लावता येत नाही. रस्त्यावरच्या शर्यतीतही मनाचा ठसा मात्र दिसतो. सुमारे ९८ लाख मॅरेथॉन धावांच्या वेळांचे विश्लेषण २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन तास, साडेतीन तास, चार तास अशा गोळाबेरीज वेळांच्या अगदी आत शर्यत संपविणाऱ्यांची संख्या अपेक्षेपेक्षा बरीच अधिक आढळली, तर ती वेळ ओलांडल्यावर लगेच पोहोचणारे त्या मानाने कमी होते. स्नायूंना घड्याळ कळत नाही. चार तासांच्या आत पोहोचायचे, हे मनाने ठरविलेले असते आणि त्या आकड्यासाठी अखेरच्या दोन किलोमीटरमध्ये ताकद सापडते.

अपेक्षेची मर्यादा

महाराष्ट्रातील अलीकडचे ठळक उदाहरण अविनाश साबळे यांचे आहे. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचे साबळे लष्करात दाखल झाल्यानंतर धावपटू म्हणून पुढे आले. राष्ट्रकुल स्पर्धांतील पुरुषांच्या तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये १९९८ ते २०१८ या काळातील सर्व पदके केनियाच्या धावपटूंनी जिंकली होती. २०२२ च्या बर्मिंगहॅम स्पर्धेत साबळे यांनी ८ मिनिटे ११.२० सेकंद वेळ नोंदवून रौप्यपदक मिळविले. सुवर्णपदक विजेते अब्राहम किबिवोट त्यांच्यापुढे केवळ ०.०५ सेकंद होते.

अशा यशाला ‘मनाचा विजय’ म्हणणे सोपे असते. साबळे यांच्यामागे अनेक वर्षांचे शारीरिक प्रशिक्षण होते आणि त्याशिवाय ही वेळ शक्य नव्हती. तरीही शर्यतीच्या अखेरच्या फेरीत आघाडीच्या केनियन धावपटूंच्या मागे राहणे स्वाभाविक मानायचे की त्यांना गाठता येईल असे मानायचे, यावर धावपटू किती सोसायला तयार होतो हे ठरते. अपेक्षा बदलली की तेच दुखणे वेगळ्या अर्थाने घेतले जाते.

एका दिवसाचा आणि साठ दिवसांचा प्रश्न

एका शर्यतीत मन बरेच काही ओढून नेऊ शकते. अनेक आठवडे चालणाऱ्या श्रमांचा हिशेब वेगळा असतो. पुण्याचे आशिष कासोदेकर यांनी २८ नोव्हेंबर २०२१ ते २६ जानेवारी २०२२ या सलग साठ दिवसांत रोज एक याप्रमाणे साठ मॅरेथॉन पूर्ण करून गिनीज विक्रम नोंदविला. एकूण अंतर अडीच हजार किलोमीटरहून अधिक भरते. असा उपक्रम वेगाने धावून पार पडत नाही. आजच्या धावेत उद्यासाठी किती राखून ठेवायचे, हे रोज ठरवावे लागते. म्हणजे येथे मनाचे मुख्य काम जोर लावण्याइतकेच हात आखडता घेण्याचेही असते.

या प्रकारच्या श्रमांना एक शारीरिक छत आहे, असे २०१९ मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखविले. अमेरिका आडवी ओलांडणाऱ्या, सुमारे १४० दिवस चाललेल्या धावण्याच्या उपक्रमातील स्पर्धकांची ऊर्जा त्यांनी मोजली आणि इतर सहनशक्तीच्या क्रीडाप्रकारांच्या आकड्यांशी तिची तुलना केली. काही तासांच्या शर्यतीत माणूस विश्रांतीच्या अवस्थेतील ऊर्जेच्या कितीतरी पट खर्च करू शकतो. दिवस वाढत जातात तसा हा आकडा खाली येतो आणि अखेर सुमारे अडीच पटीवर स्थिरावतो. पचनसंस्था अन्नातून रोज किती ऊर्जा शोषून घेऊ शकते, ही मर्यादा त्यामागे असावी, असा संशोधकांचा निष्कर्ष होता. त्यापलीकडचा खर्च शरीर स्वतःच्या साठ्यातून भागवते आणि वजन घटू लागते. हे छत निर्धाराने उचलता येत नाही.

अँटवर्पचे दोन मराठी धावपटू

शर्यत पूर्ण करणे आणि ती सोडणे, या दोन्ही गोष्टी मराठी भाषकांच्या क्रीडा इतिहासात अगदी आरंभापासून आहेत. पुण्यातील डेक्कन जिमखान्याच्या १९१९ च्या क्रीडामेळाव्यात अनवाणी धावणारे ग्रामीण धावपटू पाहून सर दोराबजी टाटा प्रभावित झाले आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी भारतीय चमू पाठविण्यात त्यांनी पुढाकार घेतला. या चमूतील बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार हे दोघे २२ ऑगस्ट १९२० रोजी मॅरेथॉनमध्ये उतरले. त्या वर्षी मार्ग ४२.७५ किलोमीटरचा, म्हणजे नंतर रूढ झालेल्या ४२.१९५ किलोमीटरपेक्षा लांब होता आणि हवा थंड व पावसाळी होती. चौगुले यांनी २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत एकोणिसावा क्रमांक मिळविला. दातार यांची धाव मात्र अंतिम रेषेपर्यंत पोहोचली नाही.

इतिहासात चौगुले यांचा क्रमांक नोंदला गेला आणि दातार यांच्या नावापुढे ‘अपूर्ण’ एवढीच नोंद राहिली. लांब पल्ल्याच्या शर्यतींचे निकालपत्रक आजही असेच लिहिले जाते. शर्यत सोडणाऱ्याचे धैर्य कमी पडले की त्याने वेळीच शहाणपण दाखविले, हे पत्रकावरून कळत नाही. ही एकांगी नोंद हौशी धावपटूच्या मनावरही दडपण आणते आणि धोक्याची लक्षणे दिसत असताना तो पुढे रेटत राहतो.

जेथे मनाची साक्ष पुरेशी नसते

धावताना होणारे सर्वसाधारण दुखणे, कंटाळा आणि जडपणा हे मेंदूचे सावध संकेत असतात आणि ते काही प्रमाणात बाजूला ठेवता येतात. तीन धोक्यांच्या बाबतीत मात्र मनावर विसंबणे घातक ठरते.

पहिला धोका उष्माघाताचा. शरीराचे तापमान अतिशय वाढते, तेव्हा मेंदूचे कामच बिघडू लागते. म्हणजे थांबायचे की नाही हे ज्याने ठरवायचे, तोच निर्णय घेण्याच्या स्थितीत राहत नाही. असंबद्ध बोलणे, दिशा चुकणे, झोकांड्या जाणे ही लक्षणे सोबत्याला दिसतात, स्वतः धावपटूला नाहीत. लॉस एंजेलिस येथे १९८४ मध्ये झालेल्या महिलांच्या पहिल्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये स्वित्झर्लंडच्या गॅब्रिएला अँडरसन-शीस झोकांड्या खात स्टेडियममध्ये आल्या आणि अखेरच्या फेरीला त्यांना साडेपाच मिनिटांहून अधिक वेळ लागला. वैद्यकीय पथक त्यांच्यावर लक्ष ठेवून होते. त्यांना घाम येतो आहे, म्हणजे शरीराची थंड होण्याची यंत्रणा अजून चालू आहे, हे पाहून त्यांना पुढे जाऊ देण्यात आले. त्या सदतिसाव्या आल्या. ही घटना जिद्दीचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. त्या दिवशी निर्णय मात्र जिद्दीवर सोडलेला नव्हता.

दुसरा धोका रक्तातील सोडियम घटण्याचा. तहान नसतानाही सतत पाणी पीत राहिल्यास रक्त पातळ होते, मळमळ व डोकेदुखी सुरू होते आणि गंभीर अवस्थेत मेंदूला सूज येते. बोस्टन येथे २००२ साली ज्या ४८८ धावपटूंच्या रक्ताची तपासणी झाली, त्यांपैकी १३ टक्के जणांत सोडियमचे प्रमाण कमी आढळले. ही लक्षणे थकव्यासारखी भासतात आणि उपाय म्हणून आणखी पाणी दिले जाते, हे विशेष घातक आहे.

तिसरा धोका हृदयाचा. छातीत दाब जाणवणे, भोवळ येणे, हातात किंवा जबड्यात कळ येणे यांना ‘सोसण्याचा भाग’ समजता येत नाही. शर्यतीपूर्वी किंवा शर्यतीत वेदनाशामक गोळ्या घेणेही धोक्याचे आहे. दुखण्याचा संकेत त्यामुळे दबतो आणि पाणी कमी झालेल्या अवस्थेत काही गोळ्यांचा मूत्रपिंडांवर ताण पडतो.

सरावासाठी काय घ्यावे

संशोधनातून हौशी धावपटूला घेता येण्यासारख्या काही गोष्टी स्पष्ट आहेत. शर्यतीच्या आदल्या दिवशी झोप पुरेशी घ्यावी आणि डोके शिणविणारे काम टाळावे, कारण मनाचा शीण पायांत उतरतो. सुरुवातीचे किलोमीटर जाणीवपूर्वक संथ ठेवावेत. आरंभी उधळलेले ग्लायकोजेन अखेरीस निर्धाराने परत येत नाही. उरलेल्या संपूर्ण अंतराचा विचार करण्यापेक्षा पुढच्या पाणवठ्यापर्यंतचे अंतर डोळ्यांसमोर ठेवावे. स्वतःशी बोलायची दोन-तीन वाक्ये सरावातच पक्की करावीत, कारण ऐन शर्यतीत ती शोधून सापडत नाहीत. समवेत धावणारा असावा. एका लयीत अनेक जण चालतात तेव्हा वाट सोपी होते, हे वारकऱ्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

यासोबत एक गोष्ट घरूनच ठरवून निघावी. कोणती लक्षणे दिसली तर थांबायचे, हे शर्यतीच्या आधी लिहून ठेवावे आणि थांबविण्याचा अधिकार सोबत्याला द्यावा. तिसाव्या किलोमीटरनंतर हा निर्णय थकलेल्या, कदाचित तापलेल्या मेंदूवर सोडणे योग्य नाही.

कंठीरवा स्टेडियममध्ये झालेल्या २४ तासांच्या स्पर्धेची रचना याबाबतीत पाहण्यासारखी आहे. तेथे ठरावीक अंतर पूर्ण करण्याची अट नसते. धावपटू चालू शकतो, खाऊ शकतो, बाजूला बसू शकतो, वैद्यकीय सल्ला घेऊन पुन्हा धावपट्टीवर येऊ शकतो. घड्याळ बंद होईपर्यंत कापलेला प्रत्येक मीटर त्याच्या नावावर जमा होतो. थोडे थांबून स्वतःकडे पाहिल्यामुळे तेथे कोणाच्याही नावापुढे ‘अपूर्ण’ असे लिहिले जात नाही.